बाद झालेल्यांचा हिशेब

पावसाळा सरून मैदाने वाळली की आमच्या नाशिक जिल्ह्यात कबड्डीचे दिवस येतात. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच कुठल्या तरी गावाहून पत्रक येते. वर देवाचे नाव, मध्ये कपाचे चित्र, बक्षिसांच्या रकमा, प्रवेश फी, आणि अगदी खाली बारीक टायपात एक ओळ : ‘सामने बाद पद्धतीने खेळविले जातील.’ ही ओळ मी गेली वीस-बावीस वर्षे वाचत आलो आहे. खेड्यातल्या मास्तराला खडू चुकत नाही तशी शिट्टीही चुकत नाही. गावात सामने निघाले की पंच म्हणून पहिली आठवण आमची होते, आणि आम्हीही आढेवेढे न घेता जातो. रात्रीचे जेवण असते, नारळ-टोपी असते, आणि चार माणसांत आपला शब्द अखेरचा ठरतो याची एक गोडी असते. ती गोडी मी नाकारीत नाही.

पण त्या बारीक ओळीने मला बरीच वर्षे अस्वस्थ केले आहे. आज दिवाळीच्या निवांतपणात ती गोष्ट वाचकांपुढे मांडावी म्हणतो.

बाद पद्धत म्हणजे काय हे घरातल्या बायाबापड्यांनाही माहीत असते. हरला तो घरी गेला. मी वर्गात मुलांना एक कोडे घालतो. सदतीस संघ आले, तर कप ठरेपर्यंत सामने किती? मुले फळ्यावर झाडाच्या फांद्या काढू लागतात, कुणाला पुढे चाल द्यायची यावर भांडतात, बेरजा चुकवतात. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, ज्याला गणित येत नाही असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकलेले असते, तो म्हणतो, “छत्तीस.” कसे रे? तर म्हणतो, “सर, एक सोडून सगळ्यांना एकेकदा हरायचंच आहे ना.” उत्तर बरोबर आहे. कप एकाचा असतो, पण स्पर्धा उरलेल्या छत्तिसांची असते. आपण मात्र वर्तमानपत्रात त्या एकाचाच फोटो पाहतो.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. मीही ठेवीत असे. पण एकदा संयोजकांच्या शेजारी बसून पाहावे. सोळा संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचे म्हटले तर एकशेवीस सामने होतात. बाद पद्धतीने पंधरांत काम भागते. मैदान शाळेचे, दिवे भाड्याचे, रात्री दोन. पोरे कुठून कुठून येतात. निफाडकडची, दिंडोरीकडची, येवल्याकडची, इगतपुरीच्या डोंगरातली. टेंपोत दाटीने उभी राहून येतात. कुणी द्राक्षबागेतले काम टाकून आलेला, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यातली रात्रपाळी बदलून घेतलेला. त्यांना महिनाभर चालणारी साखळी कोण खेळू देणार? ज्याचा रोज बुडतो त्याला एका रात्रीत निकाल हवा असतो.

रोज बुडण्याची ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांत, कोळशाच्या खाणीत आणि कापडगिरण्यांत राबणारी माणसे शनिवारी रग्बी खेळत. खेळापायी बुडालेली मजुरी त्यांना भरून द्यावी की नाही या वादावरून १८९५ साली तिथल्या क्लबांनी हडर्सफील्ड गावी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. त्यांच्या खेळाला पुढे रग्बी लीग म्हणू लागले. त्या परगण्यांचे कप १९०५ पासून १९९३ पर्यंत, अधूनमधून महायुद्धाचे खंड सोडले तर, दर मोसमात बाद पद्धतीनेच खेळले गेले. पकडायचे, पाडायचे, पुन्हा उठून धावायचे, असा तो खेळ. तिथला खाणकामगार आणि आमचा पॅकहाऊसमधला पोरगा समोरासमोर उभे केले तर एकमेकांची भाषा कळणार नाही, पण त्या बारीक ओळीचा अर्थ दोघांनाही सारखाच कळेल.

म्हणून बाद पद्धत ही गरिबाची पद्धत आहे, असे मी आता मानतो. तिच्यात दुबळ्यालाही एक रात्र मिळते. साखळीत दहा सामने झाले की कोण थोर आणि कोण लहान हे लख्ख ठरते. पण एका रात्री, एका मैदानावर, चिंचेच्या झाडाखाली सराव केलेली सात पोरे नामांकित संघाला लोळवू शकतात. साखळीच्या न्यायात हे चमत्कार धुऊन जातात. तेव्हा हरणाऱ्याला दुसरी संधी द्या म्हणताना आपण कुणाचा तरी चमत्कार हिरावून घेत असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता या खेळाच्या पोटातली एक गंमत सांगतो. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे कबड्डी न म्हणता हुतूतूच म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तीन नावे येत : अमर, गामिनी, संजीवनी. अमर प्रकारात गडी मारला गेला तरी मैदानावरच राही, समोरच्याला फक्त गुण मिळे. गामिनीत मेलेला गडी बाहेर बसे तो सगळा संघ मरेपर्यंत. आणि संजीवनीत, समोरचा एक गडी मेला की आपला एक उठे. गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या मंडळींनी या खेळाला नियमांत बसवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. पुढे शंकरराव साळवी यांच्यासारख्यांनी, ज्यांना सारा महाराष्ट्र बुवा म्हणतो आणि ज्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, कबड्डी दिन पाळला जातो, त्यांनी हा खेळ गल्लीतून उचलून मोठा केला. या साऱ्या घडामोडींत टिकली ती संजीवनी. आजही गडी बाद झाला की बाहेर बाकावर बसतो आणि सोबत्यांनी समोरचा मारला की क्रमाने उठून आत येतो.

संजीवनी हा शब्द आमच्या गोदेच्या काठचा आहे. नाशिकहून पाणी खाली वाहत जाते त्या कोपरगावी शुक्राचार्यांचे आणि कचेश्वराचे स्थान आहे. कचाची कथा लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. गुरूने त्याला पुनःपुन्हा उठवले, पण शेवटी कच गुरूच्याच पोटात होता, आणि तो जिवंत व्हायचा तर गुरूने मरायला हवे होते. संजीवनी फुकटची नसते. एक उठतो तेव्हा दुसरा कुणी पडलेला असतो. कबड्डीतही तसेच.

म्हणजे ज्या खेळाने गड्याला मेल्यावर उठण्याची सोय दिली, त्याच खेळाच्या स्पर्धेत संघाला मात्र ती सोय नाही. गडी सात वेळा मरेल आणि सात वेळा उठेल. संघ एकदाच मरेल. हे चूक की बरोबर, या प्रश्नाशी मी कदाचित नुसता खेळत राहिलो असतो. एका हिवाळ्यात तो माझ्या गळ्यात पडला.

२००९ चा जानेवारी. सिन्नरकडचे एक गाव. मी नुकतीच पंचपरीक्षा पास झालो होतो आणि नव्या कोऱ्या शिट्टीचे मला कोण कौतुक! पण त्या रात्री मला शिट्टी दिली नव्हती. मी रेषापंच होतो. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : रेषापंच मैदानाच्या मागच्या रेषेच्या कोपऱ्यावर बसतो, बाद झालेल्या गड्यांचा क्रम लिहितो, आणि बचाव करणाऱ्यांपैकी कुणाचा पाय शेवटच्या रेषेबाहेर गेला तर पंचाला दाखवतो. बस्स, एवढेच काम. साऱ्या मैदानात एवढी एकच ओळ माझ्या राखणीत होती.

उपांत्यपूर्व फेरीचा सामना. यजमान गावाचे गुण चोवीस, निफाड तालुक्यातून आलेल्या पाहुण्यांचे तेवीस. शेवटची चढाई पाहुण्यांची. सात नंबरचा गडी आला. जेमतेम एकोणीस वर्षांचा, काटकुळा, पण पायात वारे भरलेला. यजमानांच्या कोपऱ्यातल्या गड्याने खाली झेपावून त्याचा घोटा धरला, वरून चौघे पडले, धुरळा उडाला, आणि दम तुटला. सारे गाव उभे राहून ओरडले. पंचाने माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही तळवे खाली करून ‘ठीक’ अशी खूण केली. शिट्टी वाजली. पंचवीस–तेवीस.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मी रेषेकडे पाहतच नव्हतो. मीही गावासारखाच त्या झटापटीकडे पाहत होतो. सात नंबरचा हात मध्यरेषेच्या दिशेने ताणला जात होता आणि माझे डोळे त्या बोटांवर खिळले होते.

गर्दी मैदानात उतरली, पुन्हा बाहेर गेली, तेव्हा मी खाली पाहिले. मातीचे मैदान, संध्याकाळी पाणी मारून बसवलेले, त्यावर फक्कीची पांढरी रेषा. माझ्यापासून चार हातांवर त्या रेषेतून एक टाच बाहेर गेलेली होती. फक्की बाहेरच्या बाजूला बोटभर ओढली गेली होती आणि तिच्या टोकाला टाचेचा खोल ठसा होता. घोटा धरणारा गडी ज्या ठिकाणी होता, नेमके ते ठिकाण. पकड घालताना त्याचा पाय बाहेर असेल तर बाद तो झाला, चढाईवाला सुटला, आणि गुण पाहुण्यांना. चोवीस–चोवीस. मग पाच-पाच चढाया झाल्या असत्या आणि काय व्हायचे ते झाले असते.

सरपंच दहा पावलांवर चहा पीत होते. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या सरपंचाचा गैरसमज नको, जरी त्या रात्री तेही तिथेच होते.) गुणपत्रकावर कर्णधारांच्या सह्या व्हायच्या होत्या. पाहुणी पोरे टाकीवर पाय धूत होती. मी उठून दहा पावले चाललो असतो तर काही तरी झाले असते. निदान कुणी तरी त्या ठशाकडे पाहिले असते. माती खोटे बोलत नाही, आणि आजच्या मॅटसारखी विसरतही नाही.

इतक्यात फक्कीचे घमेले घेऊन एक पोरगा आला. पुढच्या सामन्यासाठी रेषा उजळायच्या होत्या. तो म्हणाला, “सर, मारू का रेषा?”

मी म्हणालो, “मार.”

त्याने ओंजळीने फक्की सोडत रेषा ओढली, नवी, सरळ, पांढरीशुभ्र. टाचेचा ठसा त्याच्या पायाखाली आपोआप पुसला गेला. थोड्या वेळाने निफाडकडचा टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. आणि यजमान संघाचे म्हणाल तर तो लगेच पुढच्या फेरीत हरला. माझ्या त्या खुणेचा फायदा असा कुणालाच झाला नाही.

नजर चुकणे हा माझा अपराध नव्हता असे मी म्हणेन, आणि वाचकही म्हणतील. तीस वर्षांच्या आतला माणूस, झटापटीकडे बघितले, संपले. पण ‘मार’ हा शब्द माझा होता, आणि तो म्हणताना मी अगदी शुद्धीवर होतो. का म्हणालो? गाव चिडेल ही भीती होती. ‘मास्तर चुकले’ असे उद्या पारावर म्हणतील ही लाज होती. यजमानांनी वाढलेले मटण नुकतेच पोटात गेले होते, हेही लपवीत नाही. आणि या सगळ्यांच्या वर एक विचार होता, जो मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला.

तो विचार माझ्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी शब्दांत मांडला. मी त्यांना आडून आडून सांगितले, तर ते म्हणाले, “अहो, मनाला काय लावून घेता? त्यांचा रविवारी दुसरीकडे सामना आहेच. तिथं काढतील भरून.”

यात तथ्य आहे, म्हणून तर तो विचार घातक आहे. एकेक स्पर्धा निर्दय असली तरी मोसम निर्दय नसतो. शनिवारी सिन्नरकडे बाद झालेला संघ पुढच्या आठवड्यात येवल्याकडे पुन्हा चिठ्ठी उचलतो. डिसेंबर ते मार्च असे दहा-बारा गावांचे कप असतात. या दृष्टीने पाहिले तर मोसम हीच साखळी आणि मोसम हीच संजीवनी. मी हे स्वतःला इतकी वर्षे सांगत आलो की ते मला पाठ झाले.

मोठ्या मैदानांवरही हाच विचार दिसतो. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपला पुरुष संघ साखळीत दक्षिण कोरियाकडून २३–२४ असा हरला. साखळी होती म्हणून तो पुढे गेला. मग उपांत्य फेरीत इराणने १८–२७ असे हरवले, आणि १९९० पासून कधी न सुटलेले सुवर्णपदक सुटले. पहिला पराभव पोटात घालता आला, दुसरा नाही. कुस्तीत तर हरलेल्याला परत बोलावण्याची रीतच आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली. जिने हरवले ती अंतिम फेरीत गेली म्हणून साक्षीला पुन्हा लढता आले आणि कांस्य मिळाले. या रीतीला फ्रेंच भाषेतला जो शब्द आहे त्याचा अर्थ पाण्यात पडलेल्याला पुन्हा बाहेर काढणे असा होतो. त्याच रिओत आमच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नाव वल्हवत होता. उपांत्यपूर्व शर्यतीत चौथा आला, पदकाची आशा संपली, तरी त्याला घरी पाठवले नाही. उरलेल्यांच्या शर्यती झाल्या, आणि एकंदरीत तो तेरावा ठरला. दुष्काळी भागातल्या पोराने जगात तेरावे यावे, आणि तो तेरावा आहे हे कुणी तरी मोजावे, याचे मला पदकाइतकेच अप्रूप वाटते.

म्हणजे दुसरी संधी चांगली गोष्ट आहे तर. पण आपल्या महाभारतात एक दुसरी संधी आहे, तिचा विसर पडू नये. पहिल्या द्यूतात सर्वस्व हरलेल्या पांडवांना धृतराष्ट्राने सारे परत दिले. आणि लगेच अनुद्यूताला बोलावले. वनवास झाला तो दुसऱ्या डावात. पट तोच, फासे टाकणारा हातही तोच. तिथे पुन्हा खेळा म्हणण्यात दया कुठली?

हे मला शाळेत नीट कळले. दहावीत नापास झालेल्यांसाठी पूर्वी ‘ऑक्टोबरची वारी’ असे. २०१५ पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा होऊ लागली आणि मुलांचे वर्ष वाचू लागले. अतिशय उत्तम गोष्ट. पण समजा एखाद्या मास्तराने उत्तरपत्रिकेच्या गुणांची बेरीज चुकवली, मुलगा दोन गुणांनी गेला, आणि मास्तराला ते नंतर दिसले. तेव्हा “फेरपरीक्षा आहेच की जुलैत” असे त्याने म्हणावे काय? मुलाला दुसरी संधी आहे हे सत्य आहे. ते सत्य मुलाच्या आईने मुलाला सांगावे, शेजाऱ्याने सांगावे. बेरीज चुकवणाऱ्याच्या तोंडी ते सत्य राहत नाही, सबब होते. माझा सहकारी मला जे म्हणाला ते मी सात नंबरला म्हणू शकलो असतो का? टाकीवर पाय धुणाऱ्या त्या पोरांपुढे उभा राहून?

हल्ली लोक म्हणतात, कॅमेरे आले, आता हा प्रश्न उरला नाही. मॅटवरच्या सामन्यात दहा बाजूंनी चित्र दिसते, शंका आली की संघ पुन्हा तपासून घेतो. खरे आहे. पण २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊला झालेला भारत–इराण अंतिम सामना आठवा. गुण २८–२८. आपला चढाईवाला कुणालाही न शिवता राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागे इराणचे गडी गेले. बाद कोण, तो एकटा की मागून गेलेलेही? सगळ्या जगाला सारे दिसत होते, तरी सुमारे तासभर खेळ अडून राहिला, निर्णय फिरत राहिला, आणि शेवटी आपण ३३–२९ ने जिंकलो. तिथे घटना उघडी होती आणि नियम अंधारात. माझ्याकडे उलट होते. नियम स्वच्छ होता, घटना एकट्याला ठाऊक होती. दोन्हींत कठीण कोणते हे मी सांगू शकत नाही, पण एकट्याला ठाऊक असणे अधिक काळ टिकते, एवढा अनुभव आहे.

गेल्या जूनमध्ये शाळेत प्रवेशाची गडबड चालू असताना एक गृहस्थ पाचवीतल्या मुलीला घेऊन आले. फॉर्म भरताना डाव्या हाताची करंगळी वाकडी दिसली, आणि चालण्यात ते जुने वारे. मी विचारले, “तुम्ही कबड्डी खेळत होता का?” ते हसले. सात नंबर! आता पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मुकादम आहेत आणि बायकोच्या माहेरच्या गावी, म्हणजे आमच्या गावी, राहायला आले आहेत.

मुलीला वर्ग दाखवायला पाठवून मी दार लोटले आणि सांगून टाकले. सोळा वर्षे तोंडात धरलेले वाक्य चार सेकंदांत संपले. “त्या सामन्यात त्याची टाच बाहेर होती. मी नंतर पाहिली, आणि बोललो नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर, मला तेव्हाच वाटलं होतं. घोटा धरला तेव्हा मी खालीच बघत होतो ना.”

“मग तुम्ही तक्रार का नाही केली?”

“कोणत्या तोंडानं करू? आदल्या फेरीत मीच खोटं खेळलो होतो. चढाईला गेलो, त्यांच्या कोपऱ्यातल्या पोराला हात लागला नव्हता. बोटभर राहिला. पण मी परत येताना हात वर केला, लागला म्हणून. ते पोरगं आईशप्पथ म्हणत राहिलं, लागला नाही, लागला नाही. पंचांनी त्याला बाहेर काढलं. एका गुणानं जिंकलो आम्ही. म्हणून तर तुमच्या रेषेपर्यंत आलो.” मग दोन्ही हात झटकून म्हणाले, “तुमच्या रेषेवर मी पडलो तेव्हा मनात म्हटलं, देवानं हिशेब केला. फिटलं. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलं, सर.”

खरे सांगतो, मला हलके वाटले. त्या दुपारी मी दोन पोळ्या अधिक खाल्ल्या. त्यांचे खोटे आणि माझे मौन, दोन्ही एकमेकांवर पडून सपाट झाली होती. इतका चोख हिशेब मी कादंबरीत लिहिला असता तर संपादकांनी योगायोग म्हणून कापला असता.

संध्याकाळी मला तिसरा संघ आठवला.

मी पाठकोरे कागद फेकत नाही. एका बाजूला छापलेले असले की दुसऱ्या बाजूला कादंबरीची टिपणे लिहितो. त्या हिवाळ्यातली भाग्यपत्रिका अशीच एका जुन्या ट्रंकेत सापडली. सामन्यांच्या जोड्या ज्या कागदावर लिहितात त्याला आमच्याकडे भाग्यपत्रिका म्हणतात, आणि चिठ्ठ्या एखाद्या लहान पोराच्या हातून काढतात, म्हणजे नशिबाला कुणी बोल लावू नये. मागे माझ्या एका कधीच न लिहिलेल्या कादंबरीचे पहिले प्रकरण होते. पुढे सोळा गावे. पहिल्या फेरीत निफाडकडच्या त्या संघासमोर दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते आणि त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ.

आम्हा दोघांचे फिटले, पण त्या गावाचे कुणी काय फेडले? त्यांना माझी टाच ठाऊक नाही, सात नंबरची बोटे ठाऊक आहेत. आईशप्पथ म्हणणारे पोरगे खरे बोलत होते हे त्या रात्री त्याच्या स्वतःच्या संघाने तरी मानले असेल का, कोण जाणे. टेंपोत परत जाताना त्याला काय काय ऐकावे लागले असेल! आम्ही ज्याला देवाचा हिशेब म्हणत होतो त्याच्या वहीत त्याच्या नावाचे पानच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सात नंबरला दाखवला. ते बराच वेळ त्या तांबड्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “या गावावरून आमची द्राक्षाची गाडी जाते, सर. सामने आता दिवाळीनंतर असतात त्यांचे. ते पोरगं आता तिथंच शेती करत असेल. चेहरा ओळखीन मी.”

जायचे ठरले आहे. पत्रकही आले आहे. डिसेंबरातला दुसरा शनिवार. फक्त एका गोष्टीवर आमचे अडले आहे. ते म्हणतात, “सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही आधी बोला.” मी म्हणतो, “फेरी तुमची आधीची, आधी तुम्ही.” यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.